बारीक माश्यांचे बारसे

मंडळी, घरातल्या देवळीच्या कोपऱ्यात किंवा तुळईच्या बुडाशी एक बारीक कमरेची माशी मातीचे इवलेसे घर बांधताना तुम्ही नक्की पाहिली असेल. आपण तिला कुंभारीण म्हणतो. ओल्या चिखलाची गोळी ती तोंडात धरून आणते, थापते, गुणगुणते आणि पुन्हा उडून जाते. घर पुरे होत आले की कुठून तरी एखादी हिरवी अळी ओढून आणते, आत कोंडते आणि दार लिंपून टाकते. काही दिवसांनी त्या घराला भोक पडते. बाहेर येते ती मात्र अळी नसते, नवी कोरी कुंभारीणच असते.

आपल्या वाडवडिलांनी हे सारे पाहिले आणि त्याचा अर्थ लावला. कोंडलेली अळी भीतीपोटी माशीचे ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच माशी होते, असा तो अर्थ. एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे, त्या गुरूंत ही माशीही आहे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या आपल्या सोलापुरात हा दृष्टांत कीर्तनात कधी ऐकलाच नाही, असा माणूस विरळा. ज्याचे ध्यान धरावे तसे आपण होतो, हे सांगायला तो दृष्टांत फार सुंदर आहे आणि त्याला हात लावण्याचे आपल्याला कारण नाही. पण माशीचे चरित्र म्हणून पाहिले, तर त्या मातीच्या घरात घडते ते निराळेच. कुंभारीण अळीला डंख मारून लुळी करते. त्याच खोलीत ती आपले अंडे घालते. अंड्यातून निघालेले पोर त्या ताज्या शिदोरीवर वाढते, कोष करते आणि पंख फुटले की भिंत फोडून बाहेर येते. अळीची माशी होत नाही. अळी खाऊन माशी होते.

म्हणजे पाहणाऱ्यांचे डोळे चांगलेच होते, फक्त कोण कोणाचे पोर याची ओळख चुकली. घराच्या कोपऱ्यात अशी चूक झाली तर बिघडत नाही. शेतात झाली तर पीक जाते आणि औषधाचा पैसाही जातो. म्हणून शेतातल्या दोन बारीक माश्यांची ओळख कशी पटत गेली, तिचे बारसे कितीदा झाले, याचा थोडा इतिहास आज तुम्हाला सांगतो.

कुंभारणीच्या गोतात अशा हजारो जाती आहेत की ज्या घर बांधण्याच्या फंदात पडतच नाहीत. दुसऱ्या किड्याचे अंडे, त्याची अळी किंवा त्याचे अंग हेच त्यांचे घर आणि तेच त्यांच्या पोरांचे अन्न. गोचीड जनावराचे रक्त पिते, पण जनावर सहसा जगते. या माशीचे पोर मात्र ज्याच्या अंगात वाढते त्याला शेवटी संपवूनच बाहेर पडते. जो किडा आपल्या पिकाचा वैरी, त्याला संपवणारी माशी आपली सोबतीण. म्हणून तिला मित्रकीटक म्हणतात. पण या माश्या खाण्याराहण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. एकीला जे घर चालते ते तिच्या सख्ख्या बहिणीलाही चालेल असे नाही. आता तुम्ही म्हणाल, माशीचे नाव काय नि गाव काय, शेतकऱ्याला त्याच्याशी काय करायचे? त्याचे उत्तर इथेच आहे. नाव चुकले की भलतीच माशी भलत्या शेतात जाते.

पहिली गोष्ट उसाची. उजनीचे पाणी आले आणि सोलापूर जिल्ह्यात ऊस वाढला, त्याबरोबर खोडकिडाही आला. त्याची अळी कोवळ्या उसाच्या पोंग्यात शिरते, पोंगा वाळतो आणि ओढला की अलगद हातात येतो. आपण त्याला पोंगेमर म्हणतो. या किडीवर ट्रायकोकार्ड नावाचा कागद उसाच्या पानाला टाचतात, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कागदावर खसखशीसारखे काळे दाणे चिकटवलेले असतात. एका कार्डावर असे सुमारे २० हजार दाणे. ती असतात तांदळावरच्या पतंगाची अंडी. गंमत अशी, की हा पतंग प्रयोगशाळेत पोसायला ज्वारीचा भरडा वापरतात. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचे माणसांखेरीज असेही खाणारे आहेत! त्या प्रत्येक दाण्यात एका माशीचे पोर वाढत असते. माशी बाहेर पडते ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती पानावरची खोडकिड्याची अंडी शोधते आणि त्यांत आपले अंडे घालते. अळी जन्मण्याआधीच खलास. तिचे नाव ट्रायकोग्रामा.

पण ट्रायकोग्रामा हे झाले नुसते आडनाव. शास्त्रात प्रत्येक प्राण्याचे नाव दोन शब्दांचे असते, आणि हजेरीपटावर लिहितात तसे आडनाव आधी, नाव मागून. ट्रायकोग्रामा या आडनावाची पहिली माशी इंग्लंडात जॉन वेस्टवुड यांनी १८३३ मध्ये वर्णिली. १८७१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स रायली यांनी दुसऱ्या एका जातीचे वर्णन केले. १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियात जिरो नावाच्या संशोधकाने आणखी एका जातीला ऑस्ट्रेलिकम असे नाव दिले. या जिरोसाहेबांचे नाव लक्षात ठेवा, ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

पुढे जगभर या माश्या वाढवून शेतात सोडायचे प्रयोग सुरू झाले, आणि घोटाळाही तिथेच सुरू झाला. माशी इतकी बारीक, की रंग आणि आकार यांवरूनच ओळखायची पद्धत पडली. आणि रंग तर हवेप्रमाणे बदलतो. थंडीत वाढलेली माशी काळपट, उन्हाळ्यात वाढलेली पिवळसर. आकाराचेही तेच. मोठ्या अंड्यात वाढली तर थोराड, लहान अंड्यात वाढली तर किरकोळ. परिणाम असा झाला, की निरनिराळ्या देशांतल्या निरनिराळ्या माश्यांना त्याच दोन-चार नावांनी हाका मारल्या जाऊ लागल्या. आपल्याकडच्या माशीलाही कधी अमेरिकेचे नाव मिळाले, कधी इंग्लंडचे, कधी ऑस्ट्रेलियाचे. एकाने सांगावे की या माशीने किडीची अंडी फस्त केली. दुसऱ्याने त्याच नावाची माशी सोडावी आणि हात हलवत परत यावे. दोघांची माशी एकच होती का, हेच मुळी कोणाला सांगता येईना.

ही गाठ सुटली ती आपल्या शेजारी, बंगळूरला. तिथे राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे भारतीय केंद्र होते. त्या केंद्रात सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या दोघांनी ट्रायकोग्रामाचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी आधी सरळ खेड्यातल्या माणसासारखा विचार केला. दोन माश्या एकाच जातीच्या असतील, तर त्यांची जोडी जमेल आणि वंश पुढे चालेल. नसतील तर नाही चालणार. निरनिराळ्या नावांच्या माश्यांच्या जोड्या लावून पाहिलेले हे काम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. मग १९७१ मध्ये त्यांनी आणखी महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. रंग फसवतो, आकार फसवतो, पण नराच्या जननेंद्रियाची घडण फसवत नाही. प्रत्येक जातीत ती ठरलेली असते. काचेच्या पट्टीवर नर ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तेवढा भाग पाहायचा, आणि माशी आपले नाव आपणच सांगते. तेव्हापासून जगभर ट्रायकोग्रामा ओळखायची हीच रीत पडली.

या नव्या रीतीने पाहिल्यावर असे दिसले, की आपल्याकडे जिला ऑस्ट्रेलिकम म्हणत होते ती जिरोसाहेबांची ऑस्ट्रेलियातली माशी नव्हेच. मग हिचे नाव काय? इटलीतले संशोधक विज्जानी यांनी १९७६ मध्ये तिला नवे नाव दिले, कन्फ्यूजम. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ गोंधळलेली. नाव किती समर्पक, पाहा! पण तेही टिकायचे नव्हते. १९७९ मध्ये नागरकट्टी आणि नागराजा यांनी दाखवले, की हीच माशी जपानमध्ये इशी यांनी १९४१ मध्येच वर्णिली आहे आणि तिचे नाव चिलोनिस असे ठेवलेले आहे. चिलो हे खोडकिड्याचे आडनाव, त्यावरून चिलोनिस. म्हणजे जिचे नावच खोडकिड्यावरून पडले होते, ती आपल्या उसात खोडकिड्याचीच अंडी शोधत होती, आणि आपण तिला भलत्याच नावाने हाका मारत होतो. ट्रायकोकार्ड आणाल तेव्हा त्यावर ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’ ही अक्षरे दिसतात का ते पाहा. त्या दोन शब्दांमागे अशी १५० वर्षांची धडपड आहे.

दुसरी गोष्ट कापसाची आणि अगदी अलीकडची. सोलापूर हे चादरींचे आणि सुताचे गाव, तेव्हा कापसाचे दुखणे आपल्याला परके नाही. २००५ नंतर उत्तर भारतात, गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रातही कापसाच्या झाडांवर पांढऱ्या पिठासारखे थर दिसू लागले. हा पिठ्या ढेकूण, ज्याला दुकानात मिलीबग म्हणतात. तो झाडातला रस शोषतो, अंगातून गोड चिकट पाणी टाकतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड खुरटते. अंगावर मेणाची पूड असल्यामुळे फवाऱ्याचे औषध त्याला नीट लागतही नाही. शेतकऱ्यांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, पण ढेकूण हटेना.

पिठ्या ढेकणाच्या जाती पुष्कळ. त्यातला हा कुठला, हाच पहिला प्रश्न होता. पाकिस्तानात तर त्याला नवीच जात समजून वेगळे नावही दिले गेले होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कापूस पिकवणाऱ्या नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणांहून ढेकूण गोळा केले आणि तपासले. १०० पैकी ९५ नमुने एकाच जातीचे निघाले. नाव फेनाकोकस सोलेनॉप्सिस. हे काम २००९ मध्ये छापून आले. या ढेकणाचे पहिले वर्णन अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतून १८९८ मध्येच झालेले होते. म्हणजे पाहुणा साता समुद्रांपलीकडून आलेला. सोलेनॉप्सिस हे खरे तर मुंग्यांच्या एका कुळाचे नाव. मुंग्या आणि हा ढेकूण यांची दोस्ती तुम्ही पाहिलीच असेल. मुंग्या त्याच्या गोड पाण्यासाठी त्याला गाईगुरांसारखे जपतात.

इतक्यात दिल्लीच्या कापसावर एक नवल दिसले. काही ढेकणांच्या अंगावरचे पीठ गेलेले, अंग फुगून कडक झालेले आणि रंग तांबूस तपकिरी. त्यांच्या पाठीमागच्या बाजूला एक गोल भोक. असे ढेकूण बाटलीत ठेवले तेव्हा त्यातून काळ्या रंगाच्या बारीक माश्या निघाल्या. मादी फार तर दोन मिलिमीटरची, नर तिच्याहून लहान. ही माशी कोणी मागवली नव्हती, कोणी सोडलीही नव्हती. ती आपणहून कामाला लागली होती.

माश्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठातल्या प्राध्यापक मोहम्मद हयात यांच्याकडे गेल्या. अशा बारीक माश्यांच्या ओळखीत त्यांनी आयुष्य घातलेले. आता बारसे कसे करतात ते शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. माशीचे पाय, पंख, शिंगे अलग करून काचेच्या पट्टीवर बसवतात. शिंगांचे सांधे मोजतात, पंखावरच्या केसांच्या ओळी पाहतात, डोक्याची लांबी-रुंदी मोजतात, चित्रे काढतात. या माशीच्या कुळातल्यांच्या डोक्यावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे असतात, ती खूण पाहतात. मग आजवर वर्णन झालेल्या जवळच्या जातींशी ताडून पाहायचे. कोणाशीच जुळली नाही, तर नवे नाव द्यायचे, आणि ज्या एका माशीवरून वर्णन केले ती संग्रहालयात जपून ठेवायची. पुढे कोणाला शंका आली तर त्याने तीच माशी काढून पाहावी. गावच्या तलाठ्याकडे मूळ सातबारा असतो ना, तसेच हे.

हयात यांनी २००९ मध्ये वर्णन छापले आणि नाव ठेवले एनेशियस बंबावालेई. दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे त्या वेळचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ हे नाव. मराठी कानाला ओळखीचे आडनाव एका माशीच्या नावात आले आणि पाहता पाहता देशभरच्या कृषी विद्यापीठांच्या कागदांत पोहोचले. जिथे फवारणी कमी तिथे या माशीने ढेकणांचा चांगलाच समाचार घेतला असे दिसून आले. आणि जिथे अंदाधुंद फवारणी झाली तिथे मेणाचे चिलखत घातलेला ढेकूण राहिला, उघड्या अंगाची माशी मात्र मेली. आपल्याला ओळख नव्हती म्हणून आपणच आपल्या सोबतिणीवर विष टाकत होतो.

ओळखीची आणखी एक मेख आहे. त्या तपकिरी ढेकणांतून बाहेर पडणारी प्रत्येक माशी ही मित्र असतेच असे नाही. प्रोमस्किडिया नावाची एक माशी अशी आहे, की ती या काळ्या माशीच्या पोरावरच आपले पोर वाढवते. चोरावर मोर! प्रयोगशाळेत कोणी गफलतीने हिलाच वाढवून शेतात सोडले, तर मित्रांचा वैरी आपल्याच हाताने पोसल्यासारखे होईल. दोघी निघतात एकाच घरातून. फरक कळतो तो नीट पाहिल्यावरच.

आता शेवटचे वळण. २०१४ मध्ये इराणमधल्या माश्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी ताडून पाहिले, तेव्हा लक्षात आले की बंबावालेई ही माशी नवी नव्हतीच. अमेरिकेतल्या ॲरिझोनातून तिचे वर्णन १९१५ मध्येच झाले होते आणि तेव्हा तिचे नाव ठेवले होते ॲरिझोनेन्सिस. ठेवणारे कोण? आपले तेच जिरोसाहेब. हा मनुष्य जन्माने अमेरिकन, पण आयुष्याचा मोठा काळ ऑस्ट्रेलियात गेला. तीन हजारांहून अधिक जाती त्याने वर्णिल्या, पुष्कळशी वर्णने पदरचे पैसे खर्चून छापली, आणि १९४१ मध्ये तो वारला. त्याची वर्णने त्रोटक असत, म्हणून पुढच्या लोकांना त्यांवरून माशी ओळखणे जड जाई.

शास्त्राचा नियम असा, की १७५८ पासून पुढे ज्याने पहिले रीतसर नाव दिले त्याचेच नाव खरे. त्यामुळे बंबावालेई हे नाव मागे पडले आणि एनेशियस ॲरिझोनेन्सिस हे नाव चालू झाले. आपल्याला जरा हळहळ वाटते, नाही का? पण यात कोणाचा अपमान नाही. उलट एक कोडे सुटले. भारतात हा ढेकूण नवा, मग त्याच्यावरच जगणारी माशी इथे तयार कशी? ढेकूण अमेरिकेचा आणि माशीही अमेरिकेची, म्हणजे एक आला त्याच्या मागोमाग दुसरी आली, एवढा सरळ हिशेब. चुकीचे नाव असते तर हा धागा जुळला नसता. आणि हयात यांचे काम वायाही गेले नाही. त्यांनी इतके बारकाईने वर्णन केले होते, म्हणूनच पुढच्या माणसाला ताडून पाहता आले आणि चूक सापडली.

मंडळी, हा इतिहास दूरचा नाही. शाळेच्या आवारात जास्वंद असेल, बांधावर भेंडी किंवा ते मेले गाजर गवत असेल, तर त्यावर हा पिठ्या ढेकूण बहुधा सापडेल. शिक्षकांनी मुलांना पांढऱ्या ढेकणांमध्ये तपकिरी, कडक झालेले ढेकूण शोधायला लावावेत. तशी डहाळी काचेच्या बाटलीत घालावी, तोंडाला पातळ मलमलीचे फडके बांधावे आणि बाटली सावलीत ठेवून रोज पाहावी. साधारण दोन आठवड्यांत फडक्याला चिकटलेल्या बारीक माश्या दिसतील. किती निघाल्या, सगळ्या सारख्याच की दोन तऱ्हेच्या, याची मुलांनी वहीत तारखेसह नोंद ठेवावी. भिंगातून पाहून चित्र काढावे. नंतर फडके सोडून माश्या जिथून आणल्या तिथेच सोडून द्याव्यात.

आणि शेतकरी बंधू-भगिनींना एवढेच सांगणे, की पिठ्या ढेकूण दिसला म्हणून त्याच दिवशी पंप पाठीवर घेऊ नका. आधी दहा-वीस झाडांची पाने उलटून बघा. पांढरे किती, तपकिरी किती, भोक पडलेले किती, हे मोजा. तपकिरी बरेच असतील, तर तुमच्या शेतात कामकरीण आधीच आलेली आहे, तिला थोडे दिवस काम करू द्या. उसात ट्रायकोकार्डे टाचली असतील, तर त्या दिवसांत विषारी औषध मारू नका, नाही तर कार्डाचे पैसे आणि माश्यांचे जीव दोन्ही फुकट. शंका आली तर चार ढेकूण बाटलीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या आणि विचारा, हा कोण आणि ही कोण?

घरी गेल्यावर देवळीतल्या कुंभारणीकडेही एकदा पाहा. तिचे घर पाडू नका. ती जी अळी घेऊन येते, ती कदाचित तुमच्याच वांग्यावरची असेल.